सांताक्रूझ ९४४, कुलाबा ७४ : पावसाच्या दोन बखरी आणि एक अस्सल कागद

१/ २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७४. दोन्ही ठिकाणांतील अंतर सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर. त्या अतिवृष्टीत महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी मुंबईत नेमका किती पाऊस पडला, असे शंभर वर्षांनी कोणी विचारले, तर त्याच्या हाती कोणता कागद लागेल? आजचा धागा त्या कागदांच्या परीक्षेविषयी.

२/ हवामानाच्या भूतकाळाचे एक साधन आज जगभर वापरले जाते : पुनर्विश्लेषण, म्हणजे रीअॅनालिसिस. त्यामागची अडचण इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच उमजेल. दैनंदिन अंदाजासाठीची संगणकीय मॉडेले सतत सुधारत होती. त्यामुळे जुन्या नकाशांत फरक दिसला, तर हवामान बदलले की मॉडेल, हेच कळेना. १९८८ साली लेनार्ट बेंग्टसन आणि मूळचे बलिया जिल्ह्यातील जगदीश शुक्ला यांनी उपाय मांडला : एकच मॉडेल गोठवावे आणि जुनी सारी निरीक्षणे, म्हणजे जहाजे, फुगे, विमाने, उपग्रह यांच्या नोंदी, त्यातून नव्याने चालवावीत. जिथे निरीक्षण आहे तिथे मॉडेलला त्याच्याकडे ओढायचे. जिथे नाही तिथे भौतिकशास्त्राच्या नियमांनी पोकळी भरायची.

३/ म्हणजे ही एक बखरच. सलग, वाचनीय, एकही दिवस न गाळणारी. पण कोठे साक्ष आहे आणि कोठे लेखकाचे अनुमान, हे ओळीओळीतून न सांगणारी. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपुढे अस्सल पत्रे ठेवून पाहण्याचा आग्रह धरला होता. हवामानाच्या बखरीलाही तीच कसोटी लावावी लागते.

४/ आजची सर्वांत प्रचलित जागतिक बखर म्हणजे युरोपीय केंद्राची ईआरए-५. ती १९४० पासून तासातासाचे हवामान देते. पण तिच्या जाळीचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. एवढ्या चौकोनात सांताक्रूझ आणि कुलाबा दोन्ही मावू शकतात. ९४४ आणि ७४ यांची सरासरी ५०९. हा आकडा दोहोंपैकी कोणत्याच वेधशाळेने पाहिलेला नाही! शिवाय एवढ्या ढोबळ जाळीत सह्याद्रीचा कडा उतरणीसारखा दिसतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातला जमीनअस्मानाचा फरक तिथेच बोथट होतो.

५/ म्हणून प्रादेशिक बखर लिहिली गेली. नोएडाचे राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र, ब्रिटनचे मेट ऑफिस आणि भारतीय हवामान विभाग यांनी मिळून आयएमडीएए हे पुनर्विश्लेषण केले. चौकोन १२ किलोमीटरचा, आरंभ १९७९, कारण तेथून उपग्रहांची साक्ष भरघोस मिळू लागते. सांताक्रूझ आणि कुलाबा आता निरनिराळ्या चौकोनांत येतात. घाटमाथा घाटमाथ्यासारखा दिसू लागतो, आणि डोंगराळ मुलखातल्या अतिवृष्टीचे बारकावे उमटतात.

६/ मात्र बारीक अक्षर म्हणजे खरे अक्षर नव्हे. माझ्या मते नवशिके येथेच फसतात. पावसाळी ढग काही किलोमीटरचाच असतो; १२ किलोमीटरच्या जाळीतही तो थेट मावत नाही, त्याचा परिणाम सूत्राने अंदाजावा लागतो. दुसरे, प्रादेशिक मॉडेलला आपल्या क्षेत्राच्या सीमेवर काय चालले आहे ते कोणीतरी सांगावे लागते. आयएमडीएएला ते ईआरए-इंटेरिम या जुन्या जागतिक पुनर्विश्लेषणाने सांगितले, ज्याची जाळी सुमारे ८० किलोमीटरची होती. सीमेवरची चूक वाऱ्यासोबत आत येते.

७/ मग दोन्ही बखरी जुळल्या, की ते खरे मानावे? सावधान. दोघींनीही उपग्रहांच्या आणि फुग्यांच्या बऱ्याचशा त्याच नोंदी वापरल्या आहेत. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दोन पोथ्या जुळल्या, म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. हवेचा दाब किंवा तापमान तपासताना, तीच नोंद मॉडेलने आधी गिळलेली नाही ना, हे पाहावे लागते. पावसाचे मात्र वेगळे. भारतातील पर्जन्यमापकांचे आकडे या दोन्ही बखरींत घातलेले नाहीत. त्यांतला पाऊस मॉडेलने स्वतः पाडलेला आहे. म्हणून पर्जन्यमापक हा खरा तटस्थ साक्षीदार.

८/ तटस्थ, पण निर्दोष नव्हे. हवामान विभागाची पावसाची जाळी १९०१ पासूनची, पाव अंशाची (आपल्याकडे सुमारे २७ किलोमीटर), ६,९५५ केंद्रांवर उभी. ही सारी केंद्रे सर्व वर्षे चालू नव्हती. घाटात केंद्रे विरळ, वाऱ्यात मापक कमीच पाणी पकडतो, आणि मधल्या जागा गणिताने भरलेल्या. अस्सल कागदालाही वाळवी लागलेली असतेच.

९/ एक बारीकसा खड्डा, ज्यात पुष्कळ जण पडतात : तारीख. आपला पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचे. त्यातला बहुतेक पाऊस २६ च्या दुपारी अडीचनंतर कोसळलेला. बखर मात्र तासांत लिहिलेली, तीही ग्रीनिचच्या वेळेत. ते तास साडेआठ ते साडेआठ असे बांधून न घेता तुलना केली, तर निर्दोष मॉडेलही खोटे ठरेल. तिथी न जुळवता जुनी पत्रे वाचणाऱ्याची होते तीच गत.

१०/ बारीक जाळीवर आणखी एक अन्याय होतो. समजा, तिने मुसळधार पाऊस अचूक दाखवला, पण ३० किलोमीटर बाजूला. मग तिला दोनदा शिक्षा : पडला तिथे दाखवला नाही, आणि दाखवला तिथे पडला नाही. ढोबळ बखर सगळीकडे मध्यम पाऊस शिंपडून कमी चुकीत निसटते. म्हणून आता एकेका चौकोनाऐवजी आसपासचा परिसर मिळून तपासतात. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाण्यासाठी आखलेल्या होत्या. तिथे अशा गुळमुळीत सरासरीवर विसंबणे किती महाग पडले असते, ते सांगायला नको.

११/ आणि १२ जुलै १९६१? पानशेत फुटले तो आठवडा आयएमडीएएमध्ये नाहीच, कारण ती १९७९ ला सुरू होते. ईआरए-५ मध्ये आहे. पण तेव्हा उपग्रहांची साक्ष नव्हती, फुगेही मोजके, त्यामुळे मुठेच्या खोऱ्यावरच्या त्या पानात मॉडेलचा हात अधिक आणि निरीक्षणाचा कमी. त्या आठवड्यासाठी आधी पर्जन्यमापकांच्या हस्तलिखित नोंदवह्या उघडाव्यात, बखर नंतर.