तटबंदीतला निवांतपणा : प्रस्तावना

मध्य युरोपात जाणारा मराठी प्रवासी बहुधा प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट बघून परततो. त्याबद्दल त्याला नावं ठेवायचं कारण नाही. रजा मोजकी असते आणि ती शहरं बघण्यासारखीच आहेत. पण नगरांच्या अभ्यासात पहिलं पाऊल टाकू पाहणाऱ्याला मी आधी ओलोमोउत्सला पाठवीन. प्रागच्या पूर्वेला, रेल्वेने दोन-अडीच तासांवर, मोराव्हियाच्या सुपीक हाना प्रदेशातलं हे लाखभर वस्तीचं शहर. इथे गर्दी रेटत नाही, त्यामुळे एखाद्या भिंतीसमोर अर्धा तास उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही. नवशिक्या अभ्यासकाची ही मोठीच सोय आहे.

प्रवासपुस्तिका या शहराला निवांत म्हणतात, आणि ते खरंच आहे. दुपारभर चौकात बसावं, कारंज्यांच्या कठड्यावर विद्यार्थी पाय सोडून बसलेले बघावेत, ट्रामची खडखड ऐकावी. अभ्यासकाने मात्र इथे एक प्रश्न विचारायचा असतो : हे शहर निवांत झालं कधी आणि कशामुळे? तो प्रश्न डोक्यात आला की पर्यटन संपत नाही. उलट त्याची गोडी वाढते, असा माझा अनुभव आहे.

कारण ओलोमोउत्स कायम असं नव्हतं. बिशपचं पीठ इथे, १५७३ पासूनची विद्यापीठाची परंपरा इथे. प्रेमिस्ल या चेक राजघराण्याचा शेवटचा राजा तिसरा वेन्सेस्लास याचा १३०६ मध्ये खून झाला तोही इथेच. मोराव्हियातलं हे पहिल्या मानाचं शहर होतं. मग तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौज आली आणि १६४२ ते १६५० अशी आठ वर्षं ठाण मांडून बसली. ती गेली तेव्हा शहराची रया गेली होती आणि राजधानीचा मान ब्रनोकडे गेला होता. पुढे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने शेजारच्या सिलेशियाचा बहुतेक मुलूख प्रशियाकडे गमावला. सरहद्द एकदम जवळ आली आणि ओलोमोउत्सचा भक्कम लष्करी किल्ला करण्यात आला. तटाभोवतीचं मैदान तोफांसाठी मोकळं ठेवायचं, म्हणजे शहराला पाय पसरायला जागा नाही. १८४१ मध्ये रेल्वे आली, पण तिचं स्थानक तटापासून दूर पूर्वेला बांधलं गेलं. गिरण्या आणि कारखान्यांची भरभराट ब्रनो आणि ओस्त्रावाकडे झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्याचा दर्जा काढला, तोवर औद्योगिक युगाची पंगत जवळजवळ उठली होती. आज जुन्या शहराला लगडलेल्या ज्या बागांतून आपण रमतगमत फिरतो, त्या या तटबंदीच्याच परिसरात वाढलेल्या आहेत.

म्हणजे इथला निवांतपणा स्वभावाचा नाही, लष्करी नकाशाचा आहे. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात एवढंच.

हे एकदा ध्यानात आलं की ठरावीक प्रेक्षणीय स्थळंही वेगळी दिसू लागतात. वरच्या चौकातला पवित्र त्रिमूर्तीचा ३५ मीटर उंचीचा स्तंभ घ्या. प्लेगच्या साथीनंतर १७१६ मध्ये वात्स्लाव रेंडर या गवंडी-शिल्पकाराने तो सुरू केला आणि आपली मालमत्ताही त्याच्या नावे ठेवली. काम पुरं व्हायला १७५४ उजाडलं. चारच वर्षांनी प्रशियाचा वेढा पडला आणि तोफांचे गोळे स्तंभाला लागले. त्याची आठवण म्हणून सोन्याचा मुलामा दिलेला एक गोळा स्तंभात बसवला आहे. २००० मध्ये स्तंभ जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून छायाचित्रकारांना तो सोडवत नाही.

मला स्वतःला त्याच चौकातलं नगरभवनाचं घड्याळ जास्त बोलकं वाटतं. मध्ययुगीन परंपरेचं हे खगोलीय घड्याळ मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, तोफमाऱ्यात उद्ध्वस्त झालं. कारेल स्व्होलिन्स्की या चित्रकाराच्या आराखड्यानुसार ते १९५५ पर्यंत नव्याने उभं राहिलं, अर्थात त्या काळच्या समाजवादी शैलीत. संतांच्या जागी कामगार, खेळाडू आणि शेतकरी आले. खाली मोझेकमध्ये एका बाजूला हातात पाना घेतलेला कामगार, दुसऱ्या बाजूला काचपात्र धरलेला रसायनतज्ज्ञ. दिनदर्शिकेच्या तबकडीवर लेनिन आणि स्टालिनचे जन्मदिवसही नोंदले गेले. ग्रहांची तबकडी मात्र सूर्यकेंद्री आहे. प्रागच्या प्रसिद्ध घड्याळात अजून पृथ्वीच मध्ये बसलेली आहे. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट संपल्यावर हे सगळं काढून टाकणं सोपं होतं. ते तसंच राहू दिलं, याबद्दल मी या शहराचा ऋणी आहे. दुपारी बाराला लोकगीतांच्या चालीवर कामगारांच्या बाहुल्या फिरू लागतात तेव्हा पर्यटक हसतात; हसावं, पण टिपणवहीही उघडी ठेवावी.

एक इशारा द्यायला हवा. निवांत चौकात जे नाही, तेही मोजायचं असतं. मार्च १९३९ मध्ये, जर्मन फौज आली त्याच सुमारास, इथलं सिनेगॉग जाळलं गेलं. ज्यू वस्ती पुढे छळछावण्यांत संपली. महायुद्धानंतर इथल्या जर्मनभाषक रहिवाशांना देशाबाहेर घालवण्यात आलं. जुन्या कागदपत्रांत हे शहर ओल्म्युत्स म्हणूनच भेटतं, आणि जर्मन न जाणणाऱ्या अभ्यासकाची तिथे अडचण होते. ती भाषा शिकायला काही वर्षं द्यावी लागतात; पर्याय नाही.

या पद्धतीने वाचण्याजोगी शहरं चेक भूमीत आणखीही आहेत. आपल्या घरोघरी पोचलेल्या बाटाच्या चपला ज्या झ्लिन गावातून निघाल्या, ते जवळच आहे. एका कारखानदाराने घडवलेल्या त्या शहराला वेगळं प्रकरण दिलं आहे. खाण्यावर प्रकरण नाही, एवढंच सांगतो की लोश्तित्से गावात तयार होणारं त्वारूझ्की हे इथलं उग्र वासाचं चीज पहिल्या घासाला सोपं नाही, आणि ते खोलीवर नेऊन ठेवू नये.

पहिलं प्रकरण मुद्दाम रेल्वे स्थानकापासून सुरू होतं. वाचकाने तिथून ट्राम घेऊ नये, चौकापर्यंत पायी जावं. वाटेत जे लांबच लांब अंतर लागतं, त्यातूनच किल्ल्याची ओळख सुरू होते.