कानावरची खूण आणि दप्तरातली नोंद

दिवाळी सरली, खाचरांतले भात कापून खळ्यावर गेले, की पनवेलच्या परिसरात घाटावरची मेंढरे उतरू लागतात. पुढे चालणारा मेंढका, मागे काळ्या लोकरीचा लोट, त्याच्यामागे घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडे आणि त्या बिऱ्हाडांवर बांधलेली कोंबडी व दोन दिवसांची कोकरे! हा धनगरांचा वाडा (त्यांच्या भाषेत वाडा म्हणजे घर नव्हे, एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा मेळा) पाहिला नाही असा जुना पनवेलकर विरळा. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढरे बसवावयाची, लेंडीखताच्या मोबदल्यात भात किंवा रोकड घ्यावयाची, आणि मृगापूर्वी पुन्हा घाट चढावयाचा. कारण कोकणच्या पावसात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात.

या वाड्याला वाटेत गाठणारा प्रत्येक अधिकारी तीनच प्रश्न विचारतो. मेंढरे कोणाची? आली कोठून? आणि आहेत किती? आम्हांला आज इतिहास सांगावयाचा आहे तो या तीन प्रश्नांचा. लढायांच्या इतिहासात त्याला जागा मिळत नाही. पण ज्याच्याजवळ या प्रश्नांचे लेखी उत्तर नव्हते, त्याला त्याची किंमत रोख मोजावी लागली आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, सहाव्या अध्यायात, एक सूत्र आहे. ‘कर्ण’ शब्दापूर्वी एखाद्या खुणेचे नाव आले तर त्या नावाचा अंत्य स्वर दीर्घ होतो, असे ते सांगते आणि अपवाद म्हणून काही खुणांची यादी देते. आठ, पाच, मणी, छाटलेला कान, भोक पाडलेला कान, स्वस्तिक, अशी ती यादी आहे. पाणिनीला जनावरांशी कर्तव्य नव्हते, त्याला स्वराचे पडले होते. पण जाता जाता तो आपल्याला गुराख्यांचे सारे दप्तर देऊन गेला. काशिकाकारांनी तर स्पष्टच म्हटले आहे की, ही विळ्यासारखी वगैरे खूण पशूचा धनी कोण हे कळावे म्हणून करीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाने जनावरांची नोंद डाग, अंगचे चिन्ह, रंग आणि शिंगांची ठेवण या चार लक्षणांवरून करावी असे सांगितले आहे. शिवाय वाटेने जाणाऱ्याला शिक्क्याचा परवाना देणारा मुद्राध्यक्ष निराळा, आणि तो परवाना कुरणांच्या मुलखात तपासणारा विवीताध्यक्ष निराळा. पाणिनीच्या यादीतली खूण धन्याची आहे, कौटिल्याची नोंद खजिन्याची आहे. पुढची सारी ओढाताण या दोहोंमधली होय.

धनगराची स्वतःची पद्धत या जुन्या खुणेच्याच कुळातली आहे. रंगाचा पट्टा ही खूण तात्पुरती. दोन कळप एका शेतात बसले तर सकाळी निवडता यावेत एवढाच तिचा उपयोग, कारण लोकर कातरली की रंगही जातो. कानाची चीर मात्र जन्माची. उजव्या कानाला की डाव्या, टोकाला की कडेला, एक की दोन, यावरून मेंढरू कोणाचे हे वाड्यातले पोरही सांगते. मोजणी बऱ्याच वेळा विसांच्या हिशेबाने होते. पण खरे पाहता अनुभवी मेंढका मोजीतच नाही. संध्याकाळी मेंढरे वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात शिरू लागली, की त्याला किती आहेत हे दिसण्याआधी कोण नाही हे दिसते. आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला ही विद्या अचंब्याची वाटते. तिच्यात उणीव एकच आहे. ती कचेरीत दाखल करता येत नाही.

पेशवाईत वनचराईचा कर होता, वाटेवर जकातीच्या चौक्या होत्या, राहदारीची दस्तके होती. पण ओढाताणीला खरे टोक आले ते इंग्रजी अमलात. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, पनवेलचा व्यापार वाढला, वाटांवर कायद्याची नजर बसली. आणि १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. कोंडवाडा हा शब्द खेडोपाडी रुजला तो याच कायद्याच्या अंमलाने. हा कायदा वाचण्यासारखा आहे. त्यात हत्तीला दंड दोन रुपये, उंट-म्हशीला आठ आणे, घोडा-बैल-गाईला चार आणे, वासरू, गाढव व डुकराला दोन आणे, आणि मेंढा, मेंढी, कोकरू, बकरी, करडू यांना सरसकट एक आणा. काल जन्मलेले कोकरू आणि शिंगे उगारणारा मेंढा एकाच मोलाचे! एक आणा म्हणजे काहीच नाही असे वाटेल; परंतु मेंढरे एकटी शिरत नाहीत. दोनशेंचा कळप कोंडला गेला तर साडेबारा रुपये, आणि चारापाण्याचा खर्च वेगळा.

याहून बोलकी आहे ती कोंडवाड्याची नोंदवही. तिच्यात जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व तास, पकडणाऱ्याचे नाव व वस्ती हे लिहावयाचे. मालकाचे नाव मात्र ‘ठाऊक असेल तर’. नोंदीची नक्कल मिळे ती पकडणाऱ्याला. मालकाच्या वाट्याला आली ती जनावरे सोडविताना वहीत पावतीची सही किंवा अंगठा. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलिसांकडे वर्दी, कचेरीत नोटीस, जवळच्या गावात व बाजारात दवंडी, आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. चौदा दिवसांत वाडा कोठल्या कोठे गेलेला असतो! ज्याचे गाव शंभर कोसांवर, त्याला पनवेलच्या बाजारातली दवंडी ऐकू येणार कशी, हा विचार कलमे रचणाराच्या मनात आला नसावा. कायदा अन्यायी हेतूने केला असे आम्ही म्हणत नाही. पिकाच्या धन्यालाही संरक्षण हवेच होते. पण तो एका जागी राहणाऱ्या माणसासाठी रचलेला होता.

जंगलखात्याने हीच वही पुढे चालविली. १८७८ च्या व नंतर १९२७ च्या वनकायद्याने जंगलात शिरलेले जनावर कोंडवाड्याचे धनी ठरले, आणि १९२७ च्या कायद्याने मेंढीचा दंड आठ आण्यांपर्यंत नेण्याची मुभा सरकारला दिली. साडेबारांचे शंभर रुपये झाले! जंगल हे गावाच्या जगण्याचे अंग की सरकारी मालमत्ता, हा वाद या भागात किती तीव्र होता हे २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातील गोळीबाराने दाखविले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न तेच राहिले, विचारण्याचे कारण पालटले. आता विचारणारा महसुलासाठी नव्हे, रोगासाठी विचारू लागला. हे कारण पोकळ नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकूत पसरली. बाजारांतून हिंडलेल्या मेंढरांबरोबर ती देशभर गेली, आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यानंतर युरोपने २००४ साली नियम केला की प्रत्येक मेंढी-बकरीवर दोन खुणा असाव्यात, स्थलांतराबरोबर कागद असावा, आणि धन्याने वही ठेवावी. आपल्याकडे १९७८ च्या नियमांनी रेल्वेने वा ट्रकने दूर जाणाऱ्या मेंढ्या-बकऱ्यांना पशुवैद्याचा दाखला लावला, २००१ च्या नियमांनी पायी हाकल्या जाणाऱ्या जनावरांनाही लावला. २००९ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने नियंत्रित क्षेत्रातून जनावर हलवावयाचे तर लसीचा दाखला व अंगावर खूण आवश्यक केली. मग बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आला, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने, १ जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या पशुधनाची बाजारात खरेदी-विक्री होऊ नये, असा दंडक घातला.

या बिल्ल्याकडे नाक मुरडणारे आम्ही नाही. १८७१ च्या वहीशी तो ताडून पाहा. त्या वहीत धन्याचे नाव ‘ठाऊक असेल तर’ होते. येथे क्रमांकाबरोबर नाव पहिल्यापासून जोडलेले आहे. ती वही एका कोंडवाड्यात पडून राहत असे. हा क्रमांक फलटणला टोचला तरी पनवेलच्या पशुवैद्याला वाचता येतो. महामार्गावर गाडीने मेंढरे चिरडली, रात्री चोरीला गेली, तर ती आपली होती हे धनगराला प्रथमच कागदावर दाखविता येईल. सिडकोच्या १९७० नंतरच्या शहराने खाचरे गिळली, कर्नाळ्याचे १९६८ साली अभयारण्य झाले, द्रुतगती मार्गावर जनावराला पाऊल ठेवता येत नाही. अशा चिंचोळ्या झालेल्या वाटेवर पुरावा लागतोच. २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण तो हक्क मागताना आम्ही दरसाल येथे येत होतो हे दाखवावे लागते, आणि तेव्हा पनवेलच्या दवाखान्यातली लसीची एक तारीख धनगराच्या उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी ती येथे, वाडा असताना लिहिली गेली पाहिजे, आणि तिची नक्कल मेंढक्याच्या हाती पडली पाहिजे.

एक व्यावहारिक अडचण राहते. करवंदीच्या व बोरीच्या जाळीत चरणाऱ्या मेंढरांचे बिल्ले काट्यांत अडकून तुटतात, कधी कानही फाटतो. युरोपने दुसरी खूण सक्तीची केली ती अशा गळतीसाठीच. आपल्या मेंढराच्या कानावर ती दुसरी खूण कोणी न सांगता आधीपासून आहे. तेव्हा नोंदीत क्रमांकाशेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि त्यात धनगराला विचारून लिहावे: चीर कोणत्या कानाला, कोठे, किती.