मुंबई बंदरातून गेलेली दोन पथके

परदेशातील एखाद्या दुःखाबद्दल मुसलमानाने हळहळ व्यक्त केली की लगेच एक प्रश्न येतो : तुमची निष्ठा नेमकी कुठे? प्रश्न जुनाच आहे. म्हणून उत्तरासाठीही थोडे मागे जावे लागते.

1912 च्या ऑक्टोबरात बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो या राष्ट्रांनी उस्मानी तुर्कस्थानावर हल्ला केला. मौलाना मुहम्मद अलींच्या 'कॉम्रेड' पत्राने मदतीचे आवाहन केले, वर्गणी जमली आणि डिसेंबरात एक वैद्यकीय पथक मुंबईहून जहाजाने निघाले. प्रमुख होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. एडिंबरोत शिकलेले आणि लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात काम केलेले हे शल्यचिकित्सक. त्यांच्यासोबत डॉक्टर होते, तसेच अलीगढची तरुण पोरेही होती. जखमींची सेवा करून 1913 च्या उन्हाळ्यात पथक परतले.

या पथकाला 'बाहेरच्या इस्लामी बंधुभावाचे वेड' म्हणणारे आजही भेटतात. बंधुभाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परतलेल्या अन्सारींनी पुढे काय केले? 1920 मध्ये जामिया मिल्लिया उभारणाऱ्यांत ते होते. 1927 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडावा म्हणून ते आपल्याच समाजातील बड्या पुढाऱ्यांशी भांडले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. 1931 मध्ये आयर्विनशी वाटाघाटी चालू असताना गांधीजींचा मुक्काम दर्यागंजला अन्सारींच्याच घरी होता.

त्याच पथकातले चौधरी खलीकुज्जमां पुढे लीगचे पुढारी झाले आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, हेही सांगायलाच हवे. आपल्या लेखनात अशी अडचणीची नावे गाळण्याची एक खोड आहे. पण मग एकाच तंबूत मलमपट्टी करणारे दोघे पस्तीस वर्षांत दोन वाटांनी गेले, याचा दोष मलमपट्टीला कसा देणार? वाटा फुटल्या त्या इथल्या राजकारणात.

तिसरा पेशावरचा अब्दुर्रहमान. तो परतलाच नाही. तुर्कांच्या बाजूने लढला, नव्या तुर्कस्थानचा अफगाणिस्तानातील पहिला राजदूत झाला आणि 1925 मध्ये इस्तंबूलला मारला गेला.

आता दुसरे पथक. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनसाठी जनरल चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर निधी गोळा झाला आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून निघाले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. अटल तर त्याआधी स्पेनच्या यादवीत सेवा करून आलेले.

कोटणीसही परतले नाहीत. त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले आणि मुलाचे नाव इनहुआ ठेवले. त्यातले 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. 1942 मध्ये ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी वारले. परक्या देशाच्या पक्षात गेले म्हणून त्यांच्या देशप्रेमाची झडती कोणी घेतल्याचे मी ऐकलेले नाही, आणि घेऊ नयेच. 1962 च्या युद्धानंतरही सोलापूरकरांनी त्यांना आपलेच मानले. माझी तक्रार एवढीच की हा मोठेपणा मापून का दिला जातो? पेशावरच्या पोराने जे केले ते कोटणीसांहून फार निराळे नव्हते. निराळे होते ते नाव. एकाने बंदूकही हाती घेतली, दुसऱ्याने नाही, हा फरक मात्र मान्य करायला हवा.

आणि कोटणीसांची कहाणी आपल्यापर्यंत कोणी आणली? पानिपतच्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांचे पुस्तक 1944 मध्ये आले. त्यावरून अब्बास आणि त्यांचे मराठी मित्र व. प. साठे यांनी पटकथा लिहिली आणि शांतारामबापूंनी स्वतः कोटणीस रंगवले. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' 1946 मध्ये पडद्यावर आला, दंगलींनी देश पेटलेला असताना.

अन्सारी 1936 मध्ये रेल्वेच्या प्रवासात गेले. त्यांची कबर दिल्लीत, जामियाच्या आवारात आहे. अब्दुर्रहमान इस्तंबूलच्या मातीत आहे. कोटणीस आहेत चीनमध्ये, शिच्याच्वांगला.