ज्यांना गड नाही, त्यांच्या आठवणी

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला भाविक ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. नगद नारायण महाराजांची स्मृती तेथे वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. असा गड पाहिला की मनात प्रश्न येतो : ज्यांना ना गड, ना वंशावळ, त्यांची आठवण कोणी जपावी?

याच मराठवाड्याच्या इतिहासात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेल्या एका पुरुषाचे नाव कोरले गेले आहे. मलिक अंबर हा हबसाणातून विकला जात जात दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविले. १६२६ साली तो निवर्तला. खुलताबादला त्याची कबर आहे. पण कबर वजिराला लाभते. सामान्य गुलामाचे काय?

नाशिकजवळचे शरणपूर याचे उत्तर देते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकन मुले चर्च मिशनरी सोसायटीच्या या वसाहतीत वाढली. अक्षरे गिरवली, हातकसब शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा त्यांचे पार्थिव शेकडो कोस वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील अंत्यविधीत शवपेटीसोबत तो उभा होता. पुढे शरणपूरची बरीच मंडळी मोंबासाजवळच्या फ्रेरटाऊनला परतली. तेथील जुनी घंटा आजही त्यांची साक्ष देते. आपल्या नाशकात मात्र त्यांची ओळख किती जणांना आहे?

हाच प्रश्न शिकागोत मार्गारेट बरोज या कृष्णवर्णीय चित्रकार-शिक्षिकेला पडला होता. तिने सरकारची वाट पाहिली नाही. १९६१ साली पती व स्नेह्यांसह आपल्या राहत्या घरातच चित्रे, पुस्तके, कागदपत्रे मांडून तिने संग्रहालय उघडले. पुढे त्याला द्यु साब्ल यांचे नाव मिळाले. शिकागोच्या भूमीवर प्रथम स्थायिक झालेला हा कृष्णवर्णीय व्यापारी कॅथलिक होता, हे आपण विसरू नये. १८१८ साली मिसूरीतील सेंट चार्ल्सच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. एका घराच्या दिवाणखान्यातून उभ्या राहिलेल्या त्या संस्थेने एका समाजाला त्याचा चेहरा परत दिला.

प्रिय वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही असा दिवाणखाना असू शकतो. पहिल्या श्रद्धावंतांची स्नानसंस्काराची नोंदवही, आजीची जपमाळ, जुन्या भजनांची हस्तलिखित वही, गावच्या पहिल्या शाळेची पाटी. घर नव्याने बांधताना या वस्तू रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर माणसेही दुसऱ्यांदा मरतात. पाच भाकरी पुरवून झाल्यावर उरलेले तुकडेही प्रभूने गोळा करायला लावले. मंदिरालगतची एक खोली, एक कपाट आणि वडीलधाऱ्यांपाशी बसून नावे टिपून घेणारा एखादा तरुण, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. गड बांधता आला नाही तरी कपाट लावता येते.