वर्धा शहर : उन्हाळ्यातील लोकजीवन

वर्धा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. 1866 मध्ये पालकवाडी गावाच्या जागी हे शहर वसवले गेले. नाव वर्धा नदीचे असले, तरी नदी शहरापासून लांब आहे; जवळची नदी म्हणजे पवनारची धाम. एप्रिल-मेमध्ये पारा अनेकदा 45 अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि सारे शहर उन्हाच्या कलाने चालते. दुपारी बाजार ओस पडतो. बाहेर पडावेच लागले, तर दुपट्टा डोक्याला आणि तोंडाला असा घट्ट गुंडाळतात, की फक्त डोळे दिसतात. खिडकीला कूलर लागतो. त्याच्या ओल्या वाळ्याचा वास इथल्या माणसाला उन्हाळाभर सोबत करतो. कैरीचे पन्हे आणि कच्चा कांदा हे लू लागू नये म्हणूनचे घरगुती उपाय. उन्हाशी जमवून घेणारे घर कसे असावे, हे जवळच्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात (स्थापना 1936) पाहावे : बापूकुटीच्या जाड मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलूंचे उतरते छप्पर. आत पाऊल टाकताच अंगाला गारवा जाणवतो. ऋतू कोणताही असो, गाईच्या तुपातला खुसखुशीत गोरसपाक ही शहराची खास ओळख. पाहुणा तो घेतल्याशिवाय परतत नाही.