वाघोऱ्याचे सातकुंड

अजिंठ्यास येणारे बहुतेक जण चित्रांपाशीच थांबतात. वाघोरा नदी जेथे कड्यावरून टप्प्याटप्प्याने खाली उतरते, त्या सातकुंडाकडे थोड्यांचेच लक्ष जाते. वास्तविक लेण्यांचा इतिहास तेथूनच वाचावयास हवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. नदीने तो कापून नालाच्या आकाराची दरी घडविली आणि तिच्या उभ्या भिंतीत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास छिन्नी चालू लागली.

पावसाळ्यात भिक्षूंनी भ्रमंती थांबवून एका ठिकाणी राहावे, असा संघाचा नियम होता. धबधबा भरून वाहतो तोही त्याच दिवसांत. लेण्यांतून नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. वाकाटक नृपती हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात सोळावे लेणे करविले. त्याच्या वाटेवर नागराज बसविलेला आहे. नाग म्हणजे जलाचा रक्षक. ही योजना सहज झालेली नव्हे.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने येथे आला. याला 'शोध' म्हणण्याची रूढी आहे. आसपासच्या लोकांना मात्र लेणी ठाऊक होती. दहाव्या लेण्यातील चित्रित खांबावर त्याने आपले नाव कोरले. तेव्हा तो साचलेल्या राडारोड्यावर उभा होता. तो उपसल्यावर ती अक्षरे माणसाच्या उंचीहून वर राहिली. एप्रिलअखेर वाघोऱ्याची धार क्षीण झालेली असते. भिक्षूंनी ज्या पाण्याच्या सोबतीने येथे वस्ती केली, ते स्मिथला फारसे दिसले नसावे.