प्रतिभाताई पाटील : जळगाव ते राष्ट्रपती भवन

देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजी जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे झाला. जळगावच्या एम. जे. महाविद्यालयात शिक्षण घेताना त्यांनी टेबल टेनिसमध्ये नाव कमावले. पुढे मुंबईत कायद्याची पदवी घेऊन त्यांनी जळगावात वकिली सुरू केली. १९६२ साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. त्यानंतर एदलाबाद (आताचे मुक्ताईनगर) मतदारसंघाने त्यांना १९६७ पासून सलग चार वेळा विधानसभेत पाठविले.

उत्तर महाराष्ट्राच्या राजकारणात निष्ठा हा शब्द स्वस्त झाला असला तरी प्रतिभाताईंनी त्याची किंमत मोजली. काँग्रेस फुटल्यावर त्या इंदिरा गांधींसोबत राहिल्या आणि 'पुलोद' सरकारच्या काळात, १९७९-८० मध्ये, त्यांनी विरोधी पक्षनेतेपद सांभाळले. राज्यसभेचे उपसभापतिपद, १९९१ मध्ये अमरावतीची खासदारकी, २००४ मध्ये राजस्थानचे राज्यपालपद असा प्रवास होत गेला. निवडणुकीतील पराभव मात्र त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

२००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिवसेनेने भाजपची साथ सोडून मराठी उमेदवाराला मते दिली. भैरोसिंह शेखावत यांच्या ३ लाख ३१ हजार ३०६ मतमूल्याविरुद्ध त्यांना ६ लाख ३८ हजार ११६ मतमूल्य मिळाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, ७४ व्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून भरारी घेतली. याच जातीच्या विमानांची जोडणी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात होत असल्याने नाशिककरांना त्या छायाचित्राचे विशेष अप्रूप वाटले.

परदेश दौऱ्यांवरील सुमारे २०५ कोटींच्या खर्चावरून टीका झाली. पुण्यात लष्कराच्या जागेवर निवृत्तीनंतरचे घर बांधण्याचा बेत त्यांना २०१२ मध्ये सोडावा लागला. तथापि, या कारकिर्दीचे मोजमाप करायचे ते दयेच्या अर्जांवरून. त्यांनी ३५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यात लहान मुलांवरील अत्याचाराचे गुन्हेगारही असल्याने संताप व्यक्त झाला. एका कैद्याचा तर निर्णयाच्या पाच वर्षे आधीच मृत्यू झाला होता. राष्ट्रपती अशा अर्जांवर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात, ही बाब त्या गदारोळात मागे पडली. राजीव गांधी हत्येतील तिघांसह पाच जणांचे अर्ज त्यांनी फेटाळले. विलंबाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ व २०१४ मध्ये त्या पाचही जणांची फाशी रद्द केली.

२५ जुलै २०१२ रोजी त्या निवृत्त झाल्या आणि पुण्यात स्थायिक झाल्या. २००८ मध्ये त्यांनी राष्ट्रपती म्हणून मेक्सिकोचा दौरा केला होता. त्याच देशाने २०१९ मध्ये 'अ‍ॅझ्टेक ईगल' हा परदेशी नागरिकांसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान त्यांना पुण्यात प्रदान केला. त्यांचे पती देवीसिंह शेखावत यांचे फेब्रुवारी २०२३ मध्ये निधन झाले.